स्क्रू सरळ बसले होते

मुलीनं एमडीला पीएमआर घेतलं, तेव्हा चारचौघांत ते सांगायचं मी टाळत असे. कुणी विचारलंच तर "ऑर्थोच्या जवळचंच आहे" म्हणून विषय बदलायचो. पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, इतर कुठल्याही एमडीइतकाच. हे मला चांगलं माहीत होतं. तरी मनातून मी त्याला शेक, व्यायाम आणि कुबड्यांचं खातं समजत होतो. सोलापुरात माझं हाडांचं छोटं हॉस्पिटल आहे, मणक्याच्या शस्त्रक्रिया मी बरीच वर्षं करतो आहे, आणि माझ्यामागे ते टेबल मुलीनं सांभाळावं हे मी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं. "एक वर्ष आणखी अभ्यास कर, पुन्हा परीक्षा दे," असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी नाइलाजानं नाही घेत. मला हेच करायचंय. त्यातही स्पायनल कॉर्डचंच." त्यानंतर कित्येक आठवडे मी तिच्याशी नीट बोललो नाही. ती मुंबईला हाजी अलीच्या राष्ट्रीय संस्थेत रुजू झाली, त्या दिवशी सोडायला तिची आईच गेली. मी शस्त्रक्रियेची यादी पुढे केली.

ही अढी कुठून आली, याचा मी अलीकडे पुष्कळ विचार केला. आम्ही शिकत होतो त्या काळी वॉर्डात पॅराप्लेजियाच्या, म्हणजे कमरेखाली लुळ्या पडलेल्या पेशंटची खाट टोकाला असे, संडास-बाथरूमच्या बाजूला. राउंड तिथवर येईपर्यंत सरांचा वेळ संपलेला असायचा. 'बेडसोअर ड्रेसिंग' एवढंच केसपेपरवर लिहिलेलं, आणि ते काम इंटर्नचं. त्या जखमांचा वास अजून माझ्या लक्षात आहे. पाठीच्या खाली, माकडहाडावर, तळहाताएवढा खड्डा, आत हाड दिसतंय, आणि माणूस मात्र शांत, कारण त्याला तिथलं काही कळतच नाही. असे पेशंट काही महिन्यांनी घरी जात आणि मग त्यांचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नसे. आम्ही विचारतही नव्हतो. ज्यात आपण काही करू शकत नाही त्याकडे बघायचं नाही, हे कुणी वर्गात शिकवत नाही. वॉर्डात ते आपोआप अंगवळणी पडतं.

पण केवळ शिकवणुकीवर खापर फोडून माझी सुटका होणार नाही. खरं कारण माझी भीती होती. शस्त्रक्रिया झाली की नातेवाईक दाराशी उभे असत आणि एकच प्रश्न विचारत: "चालंल का हो, डाक्टर?" त्या प्रश्नाला मी घाबरायचो. "बघू या, देवावर विश्वास ठेवा," असं म्हणून मी पुढच्या पेशंटकडे वळायचो. लोकांना वाटे, डॉक्टर आशा सोडत नाहीत. मी पळत होतो.

तीन वर्षांच्या त्या शिक्षणात मुलगी नेमकं काय शिकते आहे, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. फोनवर ती कधी युरोडायनॅमिक, म्हणजे ब्लॅडरच्या तपासणीबद्दल बोलायला लागली की मी तिच्या आईकडे फोन द्यायचो.

मंगळवेढ्याकडचा एक तरुण माझ्याकडे आला होता. वय तिशीच्या आत. विहिरीच्या कामावर यारीचा दोर तुटला आणि तो खाली खडकावर पडला. दोघातिघांनी हातापायाला धरून वर काढला, जीपमध्ये मागच्या सीटवर मुडपून बसवला आणि आणला. बाराव्या मणक्याचा चुरा झाला होता. कमरेखाली हालचाल नाही. मी त्याच रात्री शस्त्रक्रिया केली: दोन्ही बाजूंनी स्क्रू, रॉड, मज्जारज्जूवरचा दाब मोकळा. दुसऱ्या दिवशीचा एक्सरे इतका सुरेख आला की तो मी एका परिषदेत दाखवला. केसपेपरवर लिहिलं, 'पॅराप्लेजिया, कम्प्लीट'. टाके काढले, पट्टा दिला, फिजिओथेरपिस्टनं पायाचे व्यायाम दाखवले, आणि घरी पाठवून दिला. माझ्या हिशेबी केस पूर्ण झाली होती.

सातआठ महिन्यांनी तो एक्सरेसाठी पुन्हा आला, तेव्हा मुलगी दिवाळीच्या सुट्टीवर घरी होती आणि माझ्या ओपीडीत सहज येऊन बसली होती. मी फिल्म दिव्यासमोर धरली. स्क्रू सरळ बसले होते, कणा ताठ होता. मी त्याला म्हणालो, "एकदम उत्तम आहे." त्याची बायको शेजारी उभी होती, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात बाहेरून नळी लावलेली लघवीची पिशवी झाकून ठेवलेली. मी विचारलं, "लघवी होते ना?" ती म्हणाली, "होती की, आपोआप होती." मी मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी यांना जरा आतल्या खोलीत बघू का?"

मी हो म्हटलं, थोडं नाराजीनंच. पंधरावीस मिनिटांनी मी आत डोकावलो, आणि मग बाहेर माणसं खोळंबलेली असूनही तिथून निघालो नाही.

तिनं त्याला कुशीवर वळवून माकडहाड, खुबे, टाचा, सगळं उजेडात पाहिलं होतं. एका टाचेवर लालसर डाग होता. तो बोटानं दाबला तरी रंग जात नव्हता, ते तिनं बायकोला स्वतःच्या बोटानं करायला लावलं. मग हातात टाचणी घेऊन ती कमरेपासून खाली येत गेली, प्रत्येक ठिकाणी आधी गालावर टोचून दाखवायची आणि विचारायची, "असंच लागतं का? कमी लागतं? की लागतच नाही?" मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पावलं, कुठेच काही नाही. मला वाटलं, झालं. तिनं हातमोजा घातला, काय करणार आहे ते त्याला नीट सांगितलं, त्याची परवानगी घेतली आणि गुदद्वाराच्या कडेची संवेदना तपासली. तो म्हणाला, "हितं कळतंय."

तिनं पुन्हा विचारलं. डोळे मिटायला सांगून, टाचणी कधी लावत, कधी न लावता. तो दर वेळी बरोबर सांगत होता.

मज्जारज्जूची इजा पूर्ण की अपूर्ण, हे ठरतं ते त्याच जागेवर. मज्जारज्जूच्या सगळ्यात खालच्या भागाची संवेदना शाबूत असेल तर काहीतरी अजून खालपर्यंत पोचतं आहे असा त्याचा अर्थ. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'ए' ते 'ई' अशा श्रेणीत हा माणूस 'ए' नव्हता, 'बी' होता. मी 'कम्प्लीट' लिहिलं होतं, कारण पाय हलत नव्हते. ती तपासणी मी केलीच नव्हती. एक मिनिटाचं काम. मणक्यात स्क्रू घालायला मला चार तास मिळाले होते आणि यासाठी एक मिनिट मिळालं नव्हतं.

मग तिनं त्याच्या पोटावर हात ठेवला. बेंबीच्या खाली बोटानं वाजवून पाहिलं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ब्लॅडर इथवर आहे." तिनं त्याला नुकतीच पिशवी भरलेली दाखवून विचारलं, "आत्ताच झाली ना लघवी?" तो हो म्हणाला. तिनं हात स्वच्छ धुऊन साधी बारीक नळी घातली. नर्सनं मोजपात्र धरलं. ते भरलं, रिकामं केलं, पुन्हा धरलं. नऊशे मिलिलिटर. लघवी 'आपोआप होऊन गेल्यावर'.

त्या नवराबायकोला तिनं सांगितलं ते असं: "गच्चीवरची टाकी भरून सांडते ना, तसं चाललंय हे. सांडतंय म्हणून टाकी रिकामी झाली असं नाही." आणि मला म्हणाली, "बाबा, किडनीची सोनोग्राफी कधी झाली?"

झाली नव्हती. त्याच्या फायलीत मणक्याचे एक्सरे होते, एमआरआय होता, सगळे माझ्या कामाचे. सोनोग्राफी त्याच दिवशी केली. दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली होती. मागे साठलेल्या लघवीचा दाब महिनोन्‌महिने वर चढत होता आणि मी कण्याकडे बघून "उत्तम" म्हणत होतो. आणखी एखाददोन वर्षं असंच गेलं असतं तर त्याला डायलिसिसवर जावं लागलं असतं, आणि तेव्हा तो माझा पेशंट राहिला नसता. कुणीतरी सहज म्हणालं असतं, किडनी फेल झाली. त्याचं नाव माझ्या यशस्वी शस्त्रक्रियांच्या यादीत तसंच राहिलं असतं.

हा विचार मला फार छळतो: असे किती? आधीच्या वर्षांतले, ज्यांना मी "उत्तम" म्हणून परत पाठवलं ते?

मुलीनं मला एक शब्द सुनावला नाही. तिनं त्याला स्वतःच्या हातानं नळी घालायला शिकवलं. मी मध्येच हरकत घेतली, "खेड्यात हे कसं जमेल? निर्जंतुक हातमोजे, ट्रे, कुठून आणायचे? इन्फेक्शन होईल." तिनं सांगितलं की साबणपाण्यानं धुतलेला हात आणि स्वच्छ नळी एवढं पुरतं, अमेरिकेत मिशिगनच्या जॅक लॅपिडीस या युरॉलॉजिस्टनं १९७२ साली हे मांडलं, तेव्हा इतर डॉक्टरही असंच दचकले होते. लघवी साठून ब्लॅडर ताणला जाणं हेच मोठं संकट. ठरावीक वेळानं तो पूर्ण रिकामा होत राहिला तर जंतूंना शरीर तोंड देतं. दर चार तासांनी, एका वेळी चारपाचशे मिलिलिटरच्या वर साठू द्यायचं नाही, पाणी किती प्यायचं ते ठरवून घ्यायचं. १९७२. मी डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट.

त्याचा हात पहिल्यांदा थरथरला. दुसऱ्या खेपेला नळी आत गेली आणि धार सुरू झाली. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग माझ्या मुलीकडे. त्यानं विचारलेला प्रश्न चालण्याबद्दलचा नव्हता. तो म्हणाला, "मंजी आता ही पिशवी नको? मग बहिणीकडं जेवायला जाता येईल." गेले सातआठ महिने तो कुणाच्या घरी गेला नव्हता, वासामुळे. मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मी आयुष्यभर एका प्रश्नाला भीत आलो, आणि माणसाच्या मनात दुसरेच प्रश्न होते.

शेवटी तिनं त्याच्या बायकोला बसायला सांगितलं आणि दोघांना नवराबायकोच्या संबंधांबद्दल विचारलं, मूल हवं आहे का तेही. मी तिथून बाहेर आलो. लाजून नव्हे. आपल्याच दवाखान्यात आपण परके आहोत असं वाटलं.

त्या रात्री मी तिची पुस्तकं मागितली. ती झोपायला गेली आणि मी वाचत बसलो. पुढे काही महिने वाचत राहिलो. त्यात एक माणूस मला फार जवळचा वाटला, लुडविग गुटमान. तोही सर्जनच, न्यूरोसर्जन. ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडून १९३९ साली इंग्लंडला आला. १९४४च्या फेब्रुवारीत स्टोक मँडव्हिल इथे कणा जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू झाला, तो त्यानं हाती घेतला. त्याआधीच्या महायुद्धात असे जखमी सैनिक बहुतेक लवकरच मरत, आणि मरत ते बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गानं. गुटमाननं कूस बदलणं, कातडी जपणं, ब्लॅडर सांभाळणं याला उपचाराचा दर्जा दिला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच त्यानं आपल्या पेशंटांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली, तिचंच पुढे पॅरालिंपिक झालं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकहून पोहण्यातलं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्याबद्दल ऐकून मीही भारावलो होतो. पण पदकाच्या आधी त्या माणसाची कातडी, मूत्रपिंडं, आतडी कुणीतरी वर्षानुवर्षं जपली असणार, आणि ते करणारं एक शास्त्र असणार, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

मेरी वर्गीस यांचं तर नावही मी ऐकलं नव्हतं. वेल्लोरच्या डॉक्टर. १९५४ साली मोटारीच्या अपघातात त्यांचे स्वतःचे पाय गेले. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्याकडे हे शास्त्र शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरला विभाग उभा केला. मुलीच्या क्षेत्राचा आपल्या देशात पाया घालणाऱ्यांत एक पॅराप्लेजिक सर्जन बाई होती. आणि कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आमच्या घरात कपाटात होतं. बायकोनं ते वाचलं होतं, मला वाच म्हणालीही होती. सोळाव्या वर्षी अपंगत्व आलेल्या बाईंनी पुढे शेकडो मुलांना उभं केलं, तेही स्वतः खुर्चीतल्या बाबूकाका दिवाणांना भेटल्यावर. मणक्याच्या डॉक्टरच्या घरात ते पुस्तक न उघडलेलं राहिलं, कारण ज्याचा पेशंट चालला नाही त्या गोष्टीत मला वाचण्यासारखं काही वाटत नव्हतं.

अमेरिकेत मज्जारज्जूच्या इजेचं वैद्यक ही स्वतंत्र उपशाखा म्हणून १९९५ साली मान्य झाली. पीएमआरनंतर आणखी वर्षभर फक्त तेच शिकायचं. एवढं काय शिकायचं असतं, असं मी पूर्वी विचारलं असतं. आता मला यादीच सांगता येईल, पण यादीनं ते कळत नाही. त्या तरुणाला शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची मुलीनं पाहिली तेव्हा तिनं आधी टेप काढली आणि त्याच्या कुल्ल्यांची रुंदी मोजली. खुर्ची चार बोटं जास्त रुंद होती. त्यामुळे तो एका बाजूला कलून बसत होता, एकाच हाडावर भार येत होता, आणि त्या बाजूला पुढे जखम होणार हे तिला जखम होण्याआधी दिसत होतं. माझं सगळं शिक्षण झालेलं दुरुस्त करण्याचं. अजून न झालेलं पाहायला निराळी नजर लागते, आणि ती तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली घासल्याशिवाय येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली म्हटलं की जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख लोकांच्या मज्जारज्जूला इजा होते. आमच्या भागात ती माणसं मला नावागावानिशी दिसतात: चिंचेच्या झाडावरून पडलेला, उसाच्या ट्रॉलीखाली आलेला, पुणे रस्त्यावर रात्री मोटारसायकलवरून उडालेला, कणा क्षयानं पोखरलेली बाई. सोलापुरात धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूरपासून पेशंट येतात. त्यांच्या मणक्यात स्क्रू घालणारे हात इथे पुष्कळ आहेत. पुढच्या तीसचाळीस वर्षांचं बघायला मुद्दाम शिकलेला डॉक्टर हवा, हे आता मी आमच्या सहकाऱ्यांना सांगतो. काही जण ऐकतात. काही जणांच्या चेहऱ्यावर मला माझा जुना चेहरा दिसतो, आणि त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार मला नाही.

मी बदललो असं म्हणतो, पण पुरता बदललेलो नाही. आजही एखादा अवघड मणका टेबलावर आला की मला जो उत्साह येतो तो ब्लॅडरच्या तक्त्यावर सही करताना येत नाही. तक्ता मात्र आता प्रत्येकाच्या फायलीत असतो. नर्सना कूस बदलण्याच्या वेळा भिंतीवर लिहाव्या लागतात. गुदद्वाराच्या संवेदनेची ती तपासणी मी स्वतः करतो. मंगळवेढ्याचा तो तरुण चालत नाही. मूत्रपिंडांची सूज उतरली आहे आणि तो बहिणीच्या गावच्या जत्रेला जाऊन आला.

परवा अक्कलकोटकडचा एक मुलगा आला. मानेचा मणका, चारही हातपाय गेलेले. शस्त्रक्रियेआधी मी त्याच्या वडिलांना घेऊन बसलो. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मी पळालो नाही. चालण्याची शक्यता फार कमी आहे, हे सरळ सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग मी पुढचं सांगू लागलो: अशा पेशंटला अचानक डोकं फुटेल असं दुखून, घाम येऊन रक्तदाब भयानक चढू शकतो, तेव्हा आधी उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी तुंबली आहे का ते पाहायचं, कारण बहुतेक वेळा भरलेला ब्लॅडर किंवा साठलेली शी हेच कारण असतं. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असली की हे होऊ शकतं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे तुम्हीच त्यांना सांगा, म्हटलं. ते वहीत लिहून घेऊ लागले आणि एकामागून एक विचारू लागले. शौचाची वेळ कशी लावायची, गादी कुठली, हाताच्या बोटांना काही करता येईल का, शाळा पुढे चालू ठेवता येईल का. अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. ती मी त्यांच्यासमोरच मुलीला फोन लावून विचारली, आणि फोन स्पीकरवर ठेवला.